कमानीखालचे आबाराव

सोमवार, ६ जानेवारी २०२५

लग्नानंतर नऊ वर्षं मी या दुकानात फक्त डबा घेऊन येत होते. आज खुर्चीत बसले. फिरणारी खुर्ची आहे. कुणी बघत नव्हतं तेव्हा दोनदा फिरून पाहिलं.

झालं असं, की आमचा ऑपरेटर ओमप्रकाश न सांगता पुण्याला निघून गेला. नावाच्या पाट्या, वाढदिवसाचे बॅनर, सगळं डिझाइन तोच करायचा. सकाळी ह्यांनी विचारलं, तुझं टायपिंग अजून येतं ना. माझं मराठी टायपिंग आणि एमएस-सीआयटी लग्नाआधीचं, सर्टिफिकेट कपाटात साड्यांखाली आहे. मी म्हटलं, येतं की. आत्याबाईंची तव्यावरची भाकरी तशीच राहिली. दुकान मंठ्याच्या बसस्टँडसमोर. येणारा-जाणारा सगळा पाहुणा-रावळा तिथूनच जातो. सून रस्त्यावर तोंड करून बसली, ही बातमी संध्याकाळपर्यंत साऱ्या गोतात पोचेल, असं त्यांचं म्हणणं.

हे म्हणाले, "आठ दिवसांचा सवाल हाय, माय. परतूरचा राजानंद म्हणून एक पोरगा बघितलाय. लई हुशार. सोमवारी येऊन राह्यलाय."

आत्याबाईंनी भाकरी उलटली. म्हणजे परवानगी मिळाली, आठ दिवसांची.

ही डायरी बियाण्याच्या दुकानातून फुकट आलेली. पानापानावर कपाशीची जाहिरात आहे, तरी लिहायला जागा पुरेशी आहे. म्हणून इथंच लिहून ठेवते: त्या राजानंदनं येत्या सोमवारीच काय, कुठल्याच सोमवारी येऊ नये. मला ही खुर्ची हवी आहे.

बुधवार, ८ जानेवारी

दोन दिवसांत सहा बॅनर केले. हात बसला. कोरल हा डिझाइनचा प्रोग्रॅम म्हणजे काही जादू नाही, ब्लाउज बेतण्यासारखंच आहे. रेघ कुठून सुरू करायची ते कळलं की पुढचं आपोआप येतं.

बॅनरचं शास्त्र मात्र वेगळंच असतं, ते ह्यांनी शिकवलं. साहेबाचं डोकं सगळ्यात मोठं, टरबुजाएवढं. त्यांच्या खालचा नेता खरबुजाएवढा. ज्याचा वाढदिवस तो मध्ये, उभा, हात जोडून. आणि शुभेच्छुक पोरं खाली लिंबाएवढी, ओळीनं. एका लिंबाचा फोटो चुकून दुसऱ्यापेक्षा मोठा झाला तर दुकानात येऊन भांडतात. आज एक आला होताच. मी त्याला चार टक्के मोठा केला, तो खुश होऊन गेला, आणि बाकीच्यांच्या लक्षातही आलं नाही. हे हसून म्हणाले, जमलं की तुला. मला फार फार बरं वाटलं.

शुक्रवार, १० जानेवारी

मोठी ऑर्डर आली! हिवरवाडीचे आबाराव गावाच्या वेशीवर कमान बांधून देत आहेत. खांब आणि वरचा सिमेंटचा बीम उभा राहिला आहे, आता फक्त बीमाखाली गावाचं नाव लटकवायचं, स्टीलच्या अक्षरांत. आजवर असली कामं ह्यांनी अंदाजानंच केली. रामकिसन आमचा वेल्डर. त्याला खडूनं फरशीवर काढून दाखवायचं, की तो कापतो. पण आबारावांनी सांगितलं, की कॉम्प्युटरवर काढलेला नकाशा पाहिजे, मापासकट, गावात चार माणसांना दाखवायचा आहे.

ह्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, राजानंद येईपर्यंत थांबायला सांगतो. मी म्हटलं, कशाला थांबायचं, मी करते. तोंडातून निघूनच गेलं.

दुपारी हिंदीत कोरल शिकवणाऱ्या एका मास्तरांचा व्हिडिओ तीनदा पाहिला. वरच्या मापपट्टीवर डबल क्लिक करायचं, स्केल निवडायचं, एकास दहा. बस. मग पडद्यावरचा एक फूट म्हणजे जमिनीवरचे दहा फूट. सोळा फुटांची कमान माझ्या पडद्यावर दीड फुटाची, आणि माप लिहिलं की ते सोळाच लिहून येतं. मी टाळी वाजवली. रामकिसन हातातलं काम टाकून बघायला आला, काय झालं म्हणून.

घरी आल्यावर टेप घेऊन सगळं मोजलं. पलंग, फ्रिज, माझ्या लेकीची, अक्षताची सायकल. उद्या ते सगळं एकास दहात काढणार आहे. आत्याबाईंची खाट मोजायला गेले तर त्या उठेचनात. म्हणाल्या, मेल्यावर मोज.

सोमवार, १३ जानेवारी

राजानंद आला नाही. त्याची आजी वारली.

मला आनंद झाला आणि लगेच स्वतःची लाज वाटली. कुणाच्या घरी सुतक आणि मी इथं माऊस कुरवाळत बसले आहे. देवा, माझ्या मनात तसं काही नव्हतं.

आत्याबाईंनी जेवताना विचारलं, आला का तो पोरगा. हे वरणात बघत म्हणाले, दिवस झाले की येतो, पुढच्या सोमवारी. मी नंतर ह्यांना विचारलं, खरंच एवढा हुशार आहे का हो तो? म्हणाले, आहे बाबा, पण हे तू कुणाशी बोलू नको. मी म्हटलं, यात न बोलण्यासारखं काय आहे. तर म्हणे, "तुझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई, म्हणून सांगितलं." उद्या संक्रांत, म्हणून आज तिळाचीच चेष्टा.

गुरुवार, १६ जानेवारी

नकाशा झाला. इतका सुंदर झाला, की मी त्याची प्रिंट काढून भिंतीला लावली आणि रस्ता ओलांडून पलीकडून बघून आले.

मास्तर म्हणतात, नकाशात एक माणूस उभा करावा, म्हणजे गिऱ्हाइकाला पाटी केवढी होणार ते कळतं. मला एक युक्ती सुचली. आबारावांचा वाढदिवसाच्या बॅनरचा फोटो आपल्याकडे होताच, पांढरे कपडे, जोडलेले हात. तोच उचलला आणि कमानीखाली उभा केला. उंची ह्यांना विचारली, आबाराव ह्यांच्या कानाला लागतात, म्हणजे पाच फूट चार इंच. बरोबर तेवढेच केले.

आबाराव पाचला आले. कागद हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला.

"हे खाली काय हाय?"

मी म्हटलं, तुम्हीच आहात की आबा.

"म्या? माझ्या पैशाची कमान आन् म्याच मुंगळ्यावानी?"

ह्यांनी सांगायचा प्रयत्न केला की मापानं तेवढंच येतं. आबा म्हणाले, माप-बिप बराबर असंल, पण हा कागद गावात फिरणार आहे. मला त्यांचं पटलं. ते दाते आहेत, आणि दात्याला लिंबाएवढा करायचा? मी तिथल्या तिथं त्यांचा कोपरा धरून ओढला. माप बघितलं तर साडेआठ फूट झाले होते. काय रुबाबदार दिसायला लागले! आबा हसले. मग म्हणाले, आता अक्षरं बारकी वाटून राह्यली. ते खरंच होतं. दीड फुटाची अक्षरं होती, ती ओढत ओढत तीन फुटांची केली, तेव्हा कुठं आबांना शोभली. बीमाखाली अक्षरं, अक्षरांखाली आबा, आणि मध्ये भरपूर मोकळी जागा. त्यांनी खाली सही केली.

ऑर्डर दुप्पट मोठी झाली! ह्यांनी सगळ्यांना भजी आणली. राजानंदला असं जमलं असतं का?

सोमवार, २० जानेवारी

राजानंदचा पाय मुरगळला.

पण ह्यांनी त्याला नकाशा मोबाइलवर पाठवला होता म्हणे. त्यानं बघून सांगितलं, एकदम बराबर आहे, कुणी काढला? मला इतका अभिमान वाटला, की दुपारी मी ते आत्याबाईंनाही सांगितलं. आत्याबाई तूर निवडत होत्या. म्हणाल्या, एवढा हुशार पोरगा आणि पाय ठेवायची अक्कल नाही.

आज त्या डबा घेऊन आल्या आणि तासभर तिथंच बसल्या, शटरच्या आडोशाला, पदर ओढून. माझ्यावर लक्ष ठेवायला येतात, दुसरं काय.

रामकिसननं अक्षरं कापायला घेतली. तीन फुटांचा 'हि' जमिनीवर आडवा पडला आहे. अक्षता त्याच्या वेलांटीवर चालून बघत होती.

शनिवार, २५ जानेवारी

आता मला एकास दहाचं वेडच लागलं आहे. झाड, विजेचा खांब, मोटारसायकल, म्हैस, सगळं मोजून माझ्या फायलीत ठेवते. पुढच्या कमानीत लागेल, पेट्रोल पंपाच्या पाटीत लागेल. हिवरवाडीच्या नकाशातही रस्ता रिकामा रिकामा वाटत होता, म्हणून म्हटलं, एखादं वाहन उभं करू.

दुकानासमोर चहाच्या टपरीला उसाच्या ट्रॉल्या थांबतात, कारखान्याला जाणाऱ्या. आज एक अगदी वरपर्यंत भरलेली उभी होती. मी टेप आणि बांबू घेऊन गेले. ड्रायव्हर चहा सोडून धावत आला. "ताई, आरटीओच्या हाव का?" मी म्हटलं, नाही, मी डिझायनर आहे. हे मी पहिल्यांदाच म्हटलं. मोठ्यानं.

तेवढ्यात आत्याबाई डबा घेऊन आल्या. भर रस्त्यात सून उसाच्या ट्रॉलीला टेप लावून उभी. मला वाटलं आता संपलं. त्या दातओठ खात आल्या आणि टेपचं खालचं टोक वाऱ्यानं उडत होतं ते पायानं दाबून धरलं. मग म्हणाल्या, वर बघ, वाचता येतं ना नीट. ट्रॉली वरच्या टोकापर्यंत जवळजवळ चौदा फूट भरली.

सोमवार, २७ जानेवारी

मोठा घोळ सापडला.

सकाळी नकाशात ट्रॅक्टरसकट ट्रॉली काढून कमानीखाली उभी केली. ऊस अक्षरांत घुसला. मला वाटलं माझं माप चुकलं. परत टाकलं, परत घुसला. बीम सोळा फुटांवर, तीन फुटांची अक्षरं खाली लटकलेली, म्हणजे मोकळे तेराच फूट उरले. आणि ट्रॉली चौदा. हिवरवाडीचा सगळा ऊस त्याच वेशीतून बाहेर पडतो.

मग आबांकडे लक्ष गेलं. ते ट्रॅक्टरशेजारी उभे होते, आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतील एवढे उंच होते. मला रडू आलं आणि हसूही आलं. मीच ओढून मोठे केले होते त्यांना, लिंबाचं खरबूज करावं तसं. ते मोठे झाले म्हणून अक्षरं मोठी झाली. आणि त्यांच्या डोक्यावर जागा दिसत होती, तेवढी बघून आम्ही सगळे खुश होतो.

ह्यांना सांगितलं. रामकिसनची सगळी अक्षरं कापून, घासून तयार आहेत. हे म्हणाले, आबांना मी सांगतो, कॉम्प्युटर बिघडला होता म्हणून. मी म्हटलं, कॉम्प्युटर नाही बिघडला. त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं. मीच जाऊन सांगणार. आणि मग म्हटलं, राजानंदला बोलवून घ्या, लगेच. मला यातलं काही येत नाही. हे म्हणाले, त्याची आजी वारली.

मागच्या वेळी वडलांकडची गेली असेल, ही आईकडची. पण मग मला राग आला. नकाशा बराबर आहे म्हणाला होता की! एवढा अनुभवी माणूस, त्यालाही ट्रॉली दिसली नाही? मी ह्यांना तसं म्हटलं. हे म्हणाले, त्याची नजर तुझ्याइतकी चांगली नाही. असं काहीतरी बोलतात आणि माझी समजूत काढतात.

बुधवार, २९ जानेवारी

काल दिवसभर नकाशा पुन्हा काढला. जेवण सुचलं नाही. आधी वाटत होतं, अक्षरं छोटी करून नवी कापावी लागतील. मग आबा चिडणार, ऑर्डर जाणार, आणि माझी खुर्चीही. अक्षरं खालून उचलून बाजूला ठेवावीत म्हणून ओढली, ती सुटून बीमाच्या वर जाऊन बसली. मी तशीच बघत राहिले. बीमाच्या वर, आकाशात! तीन फुटांचीच. खाली सोळाच्या सोळा फूट मोकळे. रामकिसनला विचारलं, मागून टेकू देऊन उभी राहतील का. म्हणाला, अँगल लावून देतो, वारं काय करत नाही.

आज हिवरवाडीला निघाले. आत्याबाई चांगलं लुगडं नेसून दारात उभ्या. म्हणाल्या, "एकली कशी जाशील? चल." जीपमध्ये वाटभर नकाशाची गुंडाळी मांडीवर धरून बसल्या.

आबा ओसरीवर होते. मी कागद पुढं ठेवला. आधी त्यांनी ट्रॉली बघितली, मग तिच्याशेजारी बोट ठेवलं.

"हा ट्रॅक्टरपाशी कोण हाय?"

"तुम्ही, आबा."

"एवढाच?"

एकदा सुरुवात केली की मला थांबता येत नाही. "एवढेच हाव तुम्ही. पहिल्या कागदात मी तुम्हाला ओढून मोठं केल्तं. तुम्ही म्हणले म्हणून न्हाई, मलाच ते शोभून दिसलं. पर ट्रॉली काय ओढून बारकी करता येत न्हाई. तिच्यात खरा ऊस असतो. ती त्या अक्षरांत अडकली असती. चूक माझी हाय."

आबांनी कागद खाली ठेवला. आतून कुणीतरी चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. मला वाटलं आता उठून जायला सांगतील. तेव्हा आत्याबाईंनी पदर सारखा केला.

"पैली ट्रॉली तुमचीच अडकली असती, भाऊ. साऱ्या गावाम्होरं. आमच्या सूनबाईनं भर रस्त्यात उभं राहून मोजून पाह्यली, म्हणून कळलं."

आबा आधी आत्याबाईंकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मग हसायला लागले, पोट धरून. म्हणाले, अक्षरं वर गेली तर मोंढ्याच्या बाजाराकडच्या रस्त्यावरून दिसतील का? मी म्हटलं, त्याच्याही पलीकडून दिसतील. त्यांनी पेन मागितला आणि सही करायच्या आधी म्हणाले, "मला काढून टाक तिथून. ट्रॉली ऱ्हाऊ दे."

मी उड्या मारायचीच बाकी होते. परत येताना जीपमध्ये आत्याबाई एवढंच म्हणाल्या, की टेपचं खालचं टोक धरायला माणूस लागतं, एकटीनं मोजलं की चुकतं. टोमणाच होता, पण मी आज तो गोड मानून घेतला.

रविवार, ९ फेब्रुवारी

अक्षरं चढली. रामकिसननं शेवटचा अँगल लावला आणि खाली उतरला, तेव्हा ऊन 'वा'च्या कान्यावर चमकत होतं. हलगी वाजली, नारळ फुटला. आबांनी सगळ्यांना थांबवलं आणि आधी स्वतःची भरलेली ट्रॉली कमानीतून बाहेर काढायला लावली. मी डोळे मिटून घेतले. हे म्हणाले, उघड, गेली. उसाचं एक पातही लागलं नाही.

घरी येईपर्यंत आणखी दोन गावांचे फोन आले. त्यांनाही कमान पाहिजे आहे, नकाशासकट, ट्रॉलीसकट!

पण उद्या सोमवार. ह्यांनी सकाळीच आत्याबाईंना सांगितलं होतं, की राजानंद या वेळी नक्की येणार आहे. आजचा सगळा आनंद तिथंच जाऊन अडतो. मी माझी फाईल, ते झाड, म्हैस, ट्रॉली, सगळं पेनड्राइव्हमध्ये घालून ठेवलं. त्या पोराला देऊन टाकावं म्हटलं, त्याला तरी उपयोग होईल.

सोमवार, १० फेब्रुवारी

मी आज लवकर गेले, खुर्ची पुसून ठेवायला. आत्याबाई मागोमाग आल्या. आज शटरच्या आडोशाला बसल्या नाहीत, स्टूल घेऊन सरळ माझ्याशेजारी बसल्या, रस्त्याकडं तोंड करून. पदरही ओढला नाही. समोरून त्यांची मावसबहीण चालली होती, तिला हाक मारून बोलावलं आणि पडद्यावरची कमान दाखवली.

ती गेल्यावर ह्यांना म्हणाल्या, "अंगद, त्या पोराला फोन लाव. येऊ नको म्हण. आमच्या घरचा माणूस बसलाय म्हणावं."

हे म्हणाले, "एवढ्या दिवसांपासून थांबलाय बिचारा. आता न्हाई कसं म्हणू?"

"मंग मी बोलू का?" आत्याबाई म्हणाल्या.

हे घाईनं म्हणाले, नको नको, मीच बोलतो, आणि दुकानाच्या मागं गेले. मला ऐकू येत होतं. बराच वेळ समजावत होते, की बाबा, वाईट वाटून घेऊ नको, तुझ्यात काही कमी नाही. डोळे पुसतच परत आले. खुर्ची माझी झाली. माझी! आत्याबाईंच्या पाया पडले, तर म्हणाल्या, काम कर.

मग कमानीचं दुसरं काम उघडलं. ह्यांचा मोबाइल माझ्या माऊसशेजारी सकाळपासून चार्जिंगला लावलेला होता, तो वायरीसकट बाजूला सारला. मघाशी बोलायला शेजारच्या दुकानातून मागून आणला असेल कुणाचा तरी फोन.